गरम हातांची तापाई

“एकाहत्तर, बहात्तर... ए लुकमान, घाम पुसायचा नाही असं ठरलंय! पुसलास की हरलास!” हुस्ना दाराबाहेरून ओरडली.

“पुसत नाहीये गं! नाकावरची माशी हाकलतोय!” आतून लुकमानचा रडवेला आवाज आला.

“त्या खोलीत माशी? माशीला काय जीव नकोसा झालाय?”

हे ऐकून हुस्नाचा आठ वर्षांचा भाऊ झियाद हसून हसून फळ्यांवर लोळायला लागला. पैज साधी होती. भर दुपारी घराच्या पश्चिम टोकाच्या खोलीत शिरायचं, दार लावून घ्यायचं आणि शंभर आकडे होईपर्यंत उभं राहायचं. जो टिकेल त्याला बाकीच्यांच्या वाट्याची केळ्याची भजी! लुकमान नव्वदला दार ढकलून बाहेर पडला आणि धापा टाकत थेट जमिनीवर आडवा झाला.

“खोली आहे की भट्टी!” तो म्हणाला. “माझं भरीत झालं असतं!”

गंमत म्हणजे बाकी सगळं घर गार होतं. उंच खांबांवरचं लाकडी घर ते. फळ्यांच्या फटींतून खालचा वारा तळपायांना लागायचा. हुस्ना आणि झियाद दर सुट्टीत क्वालालंपूरहून केलांतानच्या या गावी माक लाँगकडे, म्हणजे वडिलांच्या सगळ्यात थोरल्या बहिणीकडे यायचे. लुकमान हा तिचा मुलगा, हुस्नाहून वर्षाने मोठा आणि तेवढाच जास्त शहाणा, असं त्याचं स्वतःचं मत. पूर्वी ही टोकाची खोली पाहुण्यांची होती. हुस्ना आणि झियाद तिथेच झोपायचे आणि पहाटे पांघरुणासाठी भांडायचे! मग गेल्या सुट्टीत धाकट्या काकाचं, पाक सूचं लग्न झालं आणि खोली त्याला नि नव्या काकूला, माक सूला मिळाली.

“आता तुम्हीच सांगा,” हुस्ना कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाई आली कुठून, तर कॅमेरन हायलंड्सच्या थंडगार चहामळ्यांतून. आणि आल्या आल्या खोलीची केली भट्टी! तिचे हातच गरम आहेत. लावेल तिथे जाळ!”

लुकमान हसला नाही. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

“भजी गार होतायत,” मागून कोणीतरी म्हणालं. माक सू ताटली घेऊन उभी होती. तिने ती खाली ठेवली, झियादच्या डोक्यावर टपली मारली आणि सारोंग सावरत निघून गेली.

“ऐकलं का गं तिने?” झियादने डोळे मोठे केले.

“छे! ऐकलं असतं तर भजी दिली असती का?” हुस्ना म्हणाली आणि तिने सगळ्यात मोठं भजं उचललं. पण एक घास खाऊन तिने ते ताटलीत परत ठेवलं.

कारण गरम हात ही त्या गावात साधी थट्टा नव्हती. कुणाचे हात गार, त्याने लावलेली मिरची लगडते. कुणाचे गरम, त्याने लावलेलं रोप माना टाकतं आणि त्याने रांधलेलं अन्न नासतं. तिथली म्हातारीकोतारी माणसं असं मनापासून मानत. हुस्नाचा तर हा विनोद आल्याच दिवशी जेवताना सगळ्यांसमोर करून झाला होता. सगळे खो खो हसले होते. फक्त माक लाँग हसली नव्हती. ती माक सूच्या हातांकडे बघत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मुलं घराखाली, खांबांच्या सावलीत पतंगाला शेपूट लावत बसली होती, तेव्हा वरच्या फळ्यांवर धाडधाड पावलं वाजली.

“वास घे! घे वास!” हा माक लाँगचा आवाज. बाटिकच्या दुकानात उभं आयुष्य गिऱ्हाइकांना हाका मारण्यात गेल्यामुळे तिचं कुजबुजणंही शेजारच्या गावात जायचं. “ही तापाई आहे? आंबटढाण! बदकंसुद्धा तोंड लावणार नाहीत!”

तापाई म्हणजे तिथला जीव की प्राण! चिकट तांदूळ वाफवायचे, गार करायचे, त्यावर खमिराची पूड भुरभुरायची, रबराच्या पानांत पुड्या बांधायच्या आणि एक-दोन दिवस मुकाट ठेवून द्यायच्या. उघडल्यावर भात मधासारखा गोड आणि रसाने ओला झालेला असतो. शुक्रवारी घरात मोठी कंदुरी होती, निम्मा गाव जेवायला यायचा होता आणि माक सूने त्यासाठी नमुन्याची तापाई करून आपल्या पलंगाखाली ठेवली होती.

“त्या हुस्नाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” माक लाँग गरजली. “गरम हात! पोरांना बरोबर कळतं, पोरं खोटं बोलत नाहीत. मी आता कुणाचं ऐकायची नाही. कंदुरीच्या अन्नाला हिचा हात लागायचा नाही. शुक्रवारी सकाळच्या बसने जाऊ दे हिला माहेरी. पुढचं पुढे बघू.”

पाक सू काहीतरी पुटपुटला. ताईपुढे त्याची मजल पुटपुटण्यापलीकडे कधीच गेली नव्हती.

मग माक सूचा आवाज आला. “बरं,” एवढंच ती म्हणाली.

खाली पतंगाची शेपूट हुस्नाच्या हातातून गळून पडली. आपलं नाव! तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं, आणि लुकमान तिच्याकडे बघत होता ते तर अजिबात सहन होईना.

“बघतोस काय असा? मी गमतीत म्हटलं होतं! तुझी आई ते खरं धरेल हे मला काय माहीत?”

“माझ्या आईवर ढकलू नकोस हं! बोललीस तू.”

“माहितीये मला!” हुस्ना ओरडली आणि तिचे डोळे भरून आले.

झियादने पडलेली शेपूट उचलली. मग झियाद म्हणाला, “पण हात गरम असले तर हात गरम लागायला हवेत ना? काल तिने मला टपली मारली. गार होता हात. भांडी घासून आली होती.”

लुकमान आणि हुस्नाने एकमेकांकडे पाहिलं.

“झियाद,” लुकमान गंभीरपणे म्हणाला, “तू आमच्या तुकडीचा प्रमुख!”

हुस्नाने नाक पुसलं. “तापाई हातांमुळे नासली की खोलीमुळे, हे शोधायचं. आणि खोली का तापते तेही. शुक्रवारच्या आत!”

माक सू खोलीत बसून बॅगेत कपडे भरत होती. दार उघडं ठेवलं तरी आत जीव घाबरा होत होता. हुस्ना उंबऱ्यावरच अडखळली.

“माक सू... तुम्ही पुन्हा एकदा तापाई कराल?”

माक सूने दोन्ही पंजे वर करून तिच्यासमोर धरले. “या हातांनी?” ती म्हणाली.

तिने रागाने म्हटलं असतं तर परवडलं असतं. तिने नुसतंच विचारलं. हुस्ना उंबऱ्याकडे बघत राहिली, तेव्हा लुकमान सरसावला. “त्या हातांचीच परीक्षा आहे! माझी माक सकाळी बाजारात गेली की मागच्या चुलीवर करू. कुणाला पत्ता लागणार नाही.”

सकाळी माक लाँग दुकान उघडायला गेली आणि इकडे मागच्या अंगणात भाताचं भांडं चढलं! खमीर भुरभुरताना कोणी बोलायचं नाही असा तिथला नेम. झियादने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि तरीही त्याच्या पोटातून गुरगुर आवाज आला तेव्हा माक सू हसली. या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली होती.

एकच भात, एकच खमीर, बांधणारे हातही तेच. निम्म्या पुड्या माक सूच्या पलंगाखाली गेल्या. उरलेल्या निम्म्यांसाठी पूर्वेकडची, घरातली सगळ्यात गार खोली हवी होती. ती होती माक लाँगची!

“वाघिणीच्या गुहेत तापाई!” लुकमान तिच्या पलंगाखालून सरपटत बाहेर येत म्हणाला. “सापडलो तर मी म्हणेन, हुस्नाची कल्पना.”

“म्हण,” हुस्ना म्हणाली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता खोलीचं कोडं. लुकमान येरझाऱ्या घालत मोठ्या वकिलासारखा बोलायला लागला. “माक सू आली आणि खोली तापली. कबूल! पण ती आली तेव्हाच आणखी काय बदललं? पत्र्याचं छप्पर? नाही, ते मी पहिलीत असल्यापासून आहे. ऊन? तेही पश्चिमेला पूर्वीपासूनच पडतं. भिंती? त्याही त्याच.”

“भिंती तर वेगळ्या आहेत,” हुस्ना वर बघत म्हणाली. “बाकीच्या खोल्यांच्या भिंती छपराच्या खालीच थांबतात, वर मोकळंच असतं. हीच एक खोली पार छपरापर्यंत बंद आहे.”

“पण ती पूर्वीपासून तशीच आहे. तरी गार होती ना!”

झियादने एक डासांची कॉइल पेटवून आणली. “धूर जातो कुठे ते बघू या?”

आधी माक लाँगच्या खोलीत बघितलं. धूर वर चढला, भिंतीवरून पलीकडे वळला आणि घराच्या पूर्व टोकाला, छपराखालच्या त्रिकोणी कोरीव जाळीतून मजेत बाहेर पडला. मग तीच कॉइल भट्टीत नेली. इथेही धूर वर गेला, पत्र्याखाली गोळा झाला, इकडे गेला, तिकडे गेला, आणि दार न सापडलेल्या पाहुण्यासारखा हळूहळू परत खाली आला. तिघं खोकत बाहेर पळाली.

“वाट नाहीये!” लुकमान ओरडला. “पत्रा तापतो, गरम हवा वर जाते आणि तिथेच अडकते! पण या टोकालाही तशीच जाळी आहे. मी लहानपणापासून बघतोय. मग धूर बाहेर का जात नाही?”

खालून ती जाळी दिसत नव्हती, रंबुतानचं झाड आडवं येत होतं. लुकमान सरसर झाडावर चढला. तांबड्या मुंग्या चावल्या तसा वर त्याचा नाचही झाला. मग तो एकदम थांबला.

“सापडलं! जाळीवर फ्लेक्स ठोकलाय! लग्नाचा फ्लेक्स! छापील बाजू आत केलीय, एक कोपरा सुटलाय तिथे पाक सूचा फोटो दिसतोय! कुठल्या दिवट्याने ठोकला असेल हा?”

झाडाखाली उभी असलेली हुस्ना दोन पावलं मागे सरकली.

तिला सगळं आठवलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्या जाळीतून एक वटवाघूळ खोलीत शिरलं होतं आणि हुस्ना सगळ्या वऱ्हाडासमोर पलंगावर उभी राहून गळा काढून रडली होती. वटवाघळं जाईपर्यंत मी या घरात झोपणार नाही, म्हणजे नाही! शेवटी आयाह, तिचे वडील, वैतागून शिडी घेऊन आले. जादा छापला गेलेला एक फ्लेक्स त्यांनी जाळीवर ठोकला. खिळ्यांची वाटी हुस्नानेच धरली होती. “हे काही कायमचं नाही हं,” आयाह म्हणाले होते. “लग्न उरकलं की मला आठवण कर, काढून टाकीन.” तिने मान डोलावली होती, आणि मग लग्न, मेजवानी, नवे कपडे! तिला त्याची आठवण पुन्हा झाली ती आत्ता.

“हुस्ना? तुला काही माहीत आहे का?” लुकमानने वरून विचारलं.

“मला? नाही,” हुस्ना म्हणाली.

तोंडातून ‘नाही’ गेलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. खोली आपण तापवली, नाव दुसरीचं घेतलं, त्यावर सगळ्यांना हसवलंही. आता खोटंही बोललो! त्या रात्री तिने जेवायला नको म्हटलं. माक सूने न विचारता तिच्यासाठी गोकर्णाच्या फुलांनी रंगवलेला निळा भात झाकून ठेवला, त्यामुळे तर तिला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवार उजाडला. माक सूची बॅग जिन्यापाशी आली. पाक सू गाडीची किल्ली बोटांत फिरवत उभा होता, पण गाडीकडे काही जात नव्हता. कंदुरीसाठी आयाहही क्वालालंपूरहून येऊन ठेपले होते, आणि अंगणात शेजारच्या बायका खोबरं खवत होत्या.

“थांबा!” लुकमान दोन वाडगे घेऊन पुढे आला. “माक, जायच्या आधी एवढं चाखून सांग. तुझ्यासारखी जीभ अख्ख्या गावात नाही!”

स्तुती कोणाला आवडत नाही? माक लाँगने पहिल्या वाडग्यात बोट बुडवलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. “शी! ओळखली. त्याच गरम हातांची. किती वेळा चाखायला लावाल?”

मग दुसरा वाडगा. तिने एक घास खाल्ला. थांबली. दुसरा खाल्ला. डोळे मिटून तिसराही खाल्ला. “अहाहा! याला म्हणतात तापाई! हे गार हात. कोणी केली रे? त्या पलीकडच्या सुईणीने? तिलाच सांगा आजच्या कंदुरीला आणखी घेऊन यायला!”

“ती म्हणते, मला आत्ता बस पकडायचीय,” लुकमान म्हणाला.

“कोण म्हणते?”

“माक सू. दोन्ही तिनेच केल्यात, एकाच भांड्यात! पहिली होती तिच्या पलंगाखाली. दुसरी होती, माक, तुझ्या पलंगाखाली. तू दोन रात्री तिच्यावर घोरलीस!”

अंगणात खवण्या थांबल्या. मग एका बाईला हसू फुटलं आणि सगळ्याच हसायला लागल्या. माक लाँगचा चेहरा लाल झाला. लुकमानने तिला सावरायला वेळच दिला नाही. कॉइलचा धूर, पत्रा, जाळी, सगळं त्याने भराभर सांगितलं आणि सगळ्यांना रंबुतानखाली नेऊन फांद्या बाजूला केल्या. फ्लेक्स दिसला.

“अरेच्चा!” आयाहनी कपाळावर हात मारला आणि ते माक सूकडे वळले. “हा तर मीच ठोकला होता! लग्नाच्या गडबडीत... पार विसरलो बघ, सुहैला. माझीच चूक. माझंच डोकं फिरलं होतं.”

हुस्नाने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. वटवाघूळ, रडारड, आठवण कर हं, यातलं काहीच ते बोलले नव्हते.

“आणि हे शोधून काढलं या पोरांनी!” एक म्हातारे काका म्हणाले. “शाबास! या हुस्नाचंच डोकं दिसतंय यामागे. शहरात शिकते ना!”

“गुणाची पोर आहे,” दुसरी बाई म्हणाली. कोणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तो हात हुस्नाला सहन झाला नाही. “मी गुणाची नाहीये!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की झियाद दचकला. “वटवाघळाला घाबरून मीच रडले, म्हणून आयाहनी तो ठोकला. काढायची आठवण मी करायची होती. ती मी विसरले. आणि गरम हात असं पहिल्यांदा मीच म्हटलं. फ्लेक्स दिसला तेव्हाही मी खोटं बोलले! शाबासकी द्यायची तर लुकमानला आणि झियादला द्या.” तिने चेहरा ओंजळीत लपवला.

मग दोन हातांनी तिची ओंजळ हळूच बाजूला केली. ते हात गार होते.

“मला पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं,” माक सू म्हणाली. “भजी घेऊन आले तेव्हाही.”

“मग मला निळा भात का ठेवलात?” हुस्नाने हुंदके देत विचारलं.

“उपाशी होतीस म्हणून.” माक सूने ओढणीच्या टोकाने तिचं नाक पुसलं. “वाईट वाटलं मला. खूप वाटलं. आता ती शिडी आण, आणि खिळे तूच काढ.”

आयाहनी शिडी धरली, लुकमानने हातोडी दिली आणि हुस्ना वर चढली. एकेक खिळा कुरकुरत निघाला. शेवटचा निघाला तसा फ्लेक्स सुटून खाली गेला आणि महिनोन् महिने कोंडलेली हवा भसकन तिच्या तोंडावर आली. खाली नवरा-नवरीचे फोटो उताणे पडले होते, वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुहैला, आमच्या घरी तुझं स्वागत’.

माक लाँग ते बराच वेळ वाचत उभी राहिली. माफी मागणं हे तिच्या जिभेला कधी जमलंच नव्हतं. तिने जिन्यापाशी जाऊन माक सूची बॅग उचलली, स्वतःच्या हाताने वर नेऊन ठेवली आणि खिडकीतून ओरडली, “सुहैला! तांदूळ भिजवायला घे! आजच्या कंदुरीला मिळणार नाही तापाई, पण परवा येतील ते पाहुणे काय माझं डोकं खातील?” मग जरा थांबून ती म्हणाली, “आणि पुड्या माझ्याच पलंगाखाली ठेव. घोरले तरी चालेल!” पाक सूने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसून दाखवलं आणि गाडीची किल्ली खिशात टाकली.

“आणि तू गं,” माक लाँगने हुस्नाकडे बोट केलं, “जीभ सैल आहे तुझी, माझ्यासारखीच. पण वेळेवर खरं बोललीस. मला तेही जमलं नसतं.” हुस्नाने खाली मान घातली. घरात यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं लुकमानला आठवत नव्हतं, पण तिला ती कुठे ठेवावी हेच कळेना.

दिवस कलला. कंदुरीची पंगत उठली आणि बायका टोकाच्या खोलीत पान खात बसल्या, कारण आता तिथे छान झुळूक येत होती. हुस्ना माक सूला टेकून बसली होती. एवढ्यात जाळीतून काहीतरी काळं फडफडत आत आलं, खोलीभर एक गिरकी घेऊन थेट हुस्नाच्या डोक्यावरून गेलं.

सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. लुकमानने तर कानांवर हातही ठेवले.

हुस्नाने माक सूचा हात गच्च धरला, डोळे मिटले, ओठ आवळले आणि तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.